कोरडा खड्डा

सोमवार, ८ एप्रिल २०१३

नेमणूक पक्की झाली. चेअरमन भगवानरावांनी आज दुपारी स्वतः येऊन सांगितलं आणि दवाखान्याच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. यंदा तालुक्यात ऊसच नसल्यामुळे कारखाना पेटलाच नाही. पण दवाखाना सभासदांच्या पैशातून उभा राहिलेला आहे, तो बंद पडता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. आधीचे डॉक्टर उन्हाळा लागताच औरंगाबादला निघून गेले. मी सकाळी परळीला उतरलो, सिरसाळ्यापर्यंत बसने आलो आणि पुढे चेअरमनच्या जीपमधून.

चिपळूणच्या माणसाला हा मुलूख नवा आहे. जमीन आणि आभाळ यांचा रंग एकच. वाटेत एका तळ्यात मुलं क्रिकेट खेळत होती. जीपच्या ड्रायव्हरने अभिमानाने सांगितलं की यंदा तळ्यातली खेळपट्टी जिल्ह्यात एक नंबर आहे.

राहायला तीन खोल्यांचं क्वार्टर मिळालंय, दवाखान्याच्या मागच्या अंगाला. मध्ये छोटं अंगण आणि एक मोठा कडुलिंब. दवाखान्याच्या शेवटच्या खोलीची खिडकी थेट माझ्या ओट्यासमोर येते, म्हणजे रुग्णावर घरातूनही लक्ष ठेवता येईल. पलीकडे, पूर्वी उसाच्या गाड्या उभ्या राहायच्या त्या मैदानात, आता चारा छावणी आहे. गावोगावची जनावरं आणि त्यांच्या मागे आलेली माणसं तिथेच राहतात. संध्याकाळी वैरण पडली की सगळ्या गळ्यांतल्या घंटा एकदम वाजतात. ऐकत राहावं असा आवाज.

बायनाबाई ही दवाखान्यातली मावशी. मी ओट्यावर पाय ठेवला तेव्हा ती बादली आणि तांब्या घेऊन उभीच होती. प्रवासातून आलेल्या माणसाच्या आधी पायावर आणि डोळ्यांना पाणी, मग बाकीचं. मी म्हटलं, एवढ्या टंचाईत कशाला? ती म्हणाली, टंचाई पाण्याची आहे, रीतीची नाही. सगळे हसले. मीही गमतीने म्हटलं की आम्ही कोकणातले, एक वेळचं जेवण नसलं तरी चालेल, पण दोन वेळची अंघोळ चुकली तर आजारी पडू. चेअरमनना हसू आवरेना. बायनाबाई मात्र हसली नाही. औषधाची वेळ ध्यानात ठेवावी तशी तिने फक्त मान हलवली.

हेमांगी शिकवते ती शाळा परीक्षा आटोपून मेच्या पहिल्या आठवड्यात सुटेल. मग ती इकडे येईल. लग्नाला तीन वर्षं झाली, पण एका घरात सलग महिनाभर राहणं अजून झालेलं नाही. तिला फोन करून घंटांचा आवाज ऐकवला.


गुरुवार, ११ एप्रिल

पाडवा. कंपाउंडर धुळाजीने दवाखान्यावर गुढी उभारली. चेअरमनच्या घरून पुरणपोळी आली.

टँकर एक दिवसाआड येतो, दोन तालुके ओलांडून. तो आला की छावणीत कुणाला हाक मारावी लागत नाही. इथे पाणी कसं वापरतात ते बघण्यासारखं आहे. माणूस मोठ्या परातीत बसून अंघोळ करतो. परातीत साचलेल्या पाण्यात कपडे निघतात. कपड्यांचं पाणी भांड्यांना, भांड्यांचं झाडाला किंवा म्हशीच्या अंगावर. इतकी कामं केल्याशिवाय पाण्याला जमिनीवर पडायची परवानगी नाही. परवा मी तोंड धुऊन तांब्यातलं उरलेलं पाणी सहज अंगणात फेकलं, तर छावणीतली एक म्हातारी जागीच थांबली आणि त्या ओल्या डागाकडे बघत राहिली. पुन्हा फेकणार नाही.

तरी माझ्यासाठी रोज सकाळ-संध्याकाळ एकेक बादली दाराशी असते. तुरटी फिरवून निवळलेलं, अगदी स्वच्छ पाणी. बायनाबाईला म्हटलं, एकच पुरे. तिने ऐकलं नाही. साहेब आजारी पडले तर दवाखाना कोण बघणार, असं म्हणाली.


मंगळवार, १६ एप्रिल

काल शहादेव नावाचा तरुण दाखल झाला. वय तिशीच्या आत. बोअरवेलच्या मशीनवर काम करतो. दक्षिणेतल्या एका ठेकेदाराबरोबर दीड वर्षापूर्वी पश्चिम आफ्रिकेत गेला होता, पाडव्यासाठी म्हणून गेल्या आठवड्यात परत आला. ताप, घसा दुखतोय, अंग मोडून आलंय. मलेरियाची तपासणी दोनदा केली, काही निघालं नाही. टायफॉइड असावा असं समजून औषध सुरू केलंय.

माणूस गोड आहे. तापातही बडबड चालू असते. मोबाइलवर एक चित्रण दाखवलं. तांबड्या मातीत मशीन धडधडतंय, एकदम पाण्याचा फवारा उसळतो आणि भोवतीची माणसं नाचायला लागतात. मला म्हणाला, “तकडं ऐंशी फुटावर पानी लागतंय, साहेब. आपल्याकडं आठशे फूट गेलं तरी नुसता धुराळा.” त्याची आई दगडाबाई उशाशी बसून असते. तिने ते चित्रण किती वेळा पाहिलं असेल कोण जाणे. ती त्याला म्हणते, एवढा तिकडे राबलास तर येताना तेवढं एक बोअर उचलून आणायचं होतंस.

पंचक्रोशीतून माणसं त्याला बघायला येताहेत. परदेशातून आलेला माणूस आजारी पडला तरी पाहुणचारातून सुटत नाही.


शुक्रवार, १९ एप्रिल

शांतपणे लिहायला हवं.

काल शहादेवचा चेहरा आणि मान सुजली. सकाळी हिरड्यांतून रक्त यायला लागलं. तिकडे राहायला कुठे होता, काय खात होता, हे नीट बसून विचारलं. मजुरांचं कोठार, धान्याची पोती, पोत्यांवरून रात्रंदिवस उंदीर. निघण्याआधी बरोबरचा एक मजूर तापाने गेला होता. हे त्याने आतापर्यंत सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

मुंबईला माझ्या सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच शब्द उच्चारला. लासा. उंदरांपासून येणारा विषाणू. माणसापासून माणसाला रक्त, लघवी, ओकारी, थुंकी यांतून लागतो. ताप भरायला आठवडा ते तीन आठवडे लागतात, म्हणून आलेला माणूस विमानतळावर ठणठणीत दिसतो. सर म्हणाले, हलवू नका, वाटेत जास्त लोकांना लागेल. वेगळी खोली द्या, नमुना पुण्याला पाठवा, गोळ्या मी मुंबईहून पाठवतो.

बीडला आरोग्य अधिकाऱ्यांना ‘संशयित’ म्हणून कळवलं. त्यांचंही तेच उत्तर. अहवाल येईपर्यंत तिथेच ठेवा.

शहादेवला शेवटच्या खोलीत नेलं. पहाटे तापाच्या भरात तो उठून छावणीपर्यंत चालत गेला होता, म्हणून दाराला बाहेरून कडी लावायला आणि खिडकी खिळ्यांनी पक्की करायला सांगितली. मागे खोल खड्डा खणून घेतला. त्याच्या खोलीतलं वापरलेलं पाणी, चादरी धुतलेलं, फरशी पुसलेलं, सगळं ब्लीचिंग पावडर टाकून त्याच खड्ड्यात ओतायचं. दुसरीकडे एक थेंबही नाही. आत जायचं ते मी, बायनाबाई आणि दगडाबाई यांनीच. हातमोजे, मास्क, वरून झगा. बायनाबाईला दोनदा समजावलं. तिने दोनदा मान हलवली. फक्त एवढंच विचारलं की चादरी धुतलेलं सगळंच्या सगळं पाणी का? मी म्हटलं, सगळंच्या सगळं.

चेअरमनना सांगणं भागच होतं. त्यांनी उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तुमचं औषध तुम्ही करा, मी आडवा येणार नाही. पण टँकरवाल्याला नुसती कुणकुण लागली तर तो फाट्यावरूनच गाडी वळवील. मग या छावणीला तुम्ही कोणतं औषध देणार?”

दारावर पाटी लावली नाही. हेमांगीलाही सांगितलं नाही. अहवाल येऊ दे.


मंगळवार, २३ एप्रिल

पुण्याहून फोन. नमुना वाया गेला. वाटेत बर्फ वितळला, पेटी पोचली तेव्हा आत कोमट पाणी होतं. आज दुसरा पाठवला, तिप्पट बर्फ घालून. म्हणजे आणखी आठवडाभर तरी वाट.

मुंबईच्या गोळ्या शनिवारीच आल्या, तेव्हापासून चालू आहेत. ताप उतरणीला लागलाय असं वाटतं. पण आज एक नवीन गोष्ट. धुळाजी दाराबाहेरून त्याची विचारपूस करत होता, तर शहादेव एकदम चिडला. “कावून हळू बोलायलाव बे समदे?” तो ओरडला. धुळाजी हळू बोलत नव्हता. मी त्याच्या कानाशी घड्याळ धरलं. उजवा कान गेलाय, डावा जेमतेम. या तापात तिघांतल्या एकाचं असं होतं, हे पुस्तकात वाचलं होतं. बघायला वेगळं वाटतं. तो आमच्या तोंडांकडे बघत राहतो, खोलीत सगळे त्याच्याविरुद्ध कट करताहेत असा.

बाहेर उष्मा भयंकर. माझे ओठ फुटलेत, टाचांना भेगा पडल्यात. संध्याकाळची अंघोळ हेच एक सुख. त्या झग्यातून बाहेर आल्यावर डोक्यावर पहिला तांब्या ओततो तेव्हा माणसात आल्यासारखं वाटतं.

खड्ड्याकडे लांबून नजर टाकली. काठावर पांढरी पावडर पसरलेली दिसली. बायनाबाई सांगितलं तसं करते आहे.


शनिवार, २७ एप्रिल

शहादेवचा ताप गेला. सूज ओसरली. आज भाकरी मागितली. दोन्ही कान मात्र गेले. तरी जगला. आता बाहेर बसायची परवानगी दिली, कडुलिंबाखाली, इतरांपासून दूर. तिथे बसून मोबाइलवर तेच चित्रण बघतो. पाणी उसळतं, माणसं नाचतात, आवाज कुणालाच नको असतो.

दगडाबाई दुपारी माझ्या पायांवर डोकं ठेवायला आली. लांबूनच थांबवली. ती म्हणाली, “तुमी माज्या लेकराला माघारी आनलं. तुमचं काय बी काम असंल तर मला सांगा, दुसऱ्याला सांगू नका.” मी म्हटलं, काही नको, हात धूत जा.

हेमांगी रविवारी, पाच तारखेला पोचणार. तिकीट काढलं म्हणाली.

घशाला थोडी खरखर. धूळ.


मंगळवार, ३० एप्रिल

कालपासून ताप. शंभर, एकशे एक. ऊन लागलं असेल.

बायनाबाईलाही ताप. आणि छावणीतल्या तीन बायकांना.

धुळाजीला विचारलं, या तिघींपैकी कुणी शहादेवच्या खोलीत आलं होतं का? नाही. त्याला भेटायला? त्यांना तो कोण तेही माहीत नाही. तिघी छावणीच्या या टोकाला राहतात, दवाखान्याच्या भिंतीला लागून, एवढंच साम्य.

मी स्वतःचा एकेक दिवस आठवून पाहिला. हातमोज्याशिवाय त्याला हात लावलेला नाही. मास्क काढलेला नाही. झगा बाहेरच उतरवतो. रोज दोनदा अंगभर अंघोळ करतो. मग कुठून? कुठेतरी फट असणार, आणि ती मला सापडत नाही. रुग्णापेक्षा ही फट जास्त भीती घालते. जे मला लागलं ते त्या तिघींना कुठून लागलं? आम्हा चौघांत सारखं काय आहे?

पुन्हा बीडला फोन. ते म्हणाले, अहवाल दोन-तीन दिवसांत. शहादेवच्या राहिलेल्या गोळ्या आमच्यात वाटून घेतल्या. पुरणार नाहीत.


गुरुवार, २ मे

एकशे तीन. गिळता येत नाही.

हेमांगीला फोन केला. सांगितलं, येऊ नकोस, साथ आहे, तिकीट रद्द कर. ती काय म्हणाली ते नीट कळलं नाही. रेंज नसेल. मीच दोन-तीनदा मोठ्याने सांगितलं, येऊ नकोस. ‘बरं’ म्हणाली असावी.

संध्याकाळी खिडकीशी बसलो होतो. सूर्य मावळला तरी घंटा वाजल्या नाहीत. वाटलं, छावणी उठवली की काय. बातमी फुटली असेल, भीतीने जनावरं घेऊन सगळे—

उठून पाहिलं. जनावरं सगळी जागच्या जागी होती. वैरण पडलेली. माना हलत होत्या. प्रत्येक मान हलत होती आणि प्रत्येक गळ्यात घंटा होती.


शुक्रवार, ३ मे

उजवा कान गेला. डाव्यात सतत शिट्टी, तिच्या पलीकडून माणसं बोलतात.

म्हणजे काल फोनवर तिचं काहीच ऐकलं नव्हतं. मी फक्त ओरडत होतो. तिने काय ऐकलं असेल?

दोन मेसेज पाठवले. येऊ नकोस. येऊ नकोस. दोन्हीवर अजून उत्तर नाही.


शनिवार, ४ मे

पुण्याहून अहवाल आला. लासाच. बीडच्या साहेबांनी फोनवर सांगितलं, धुळाजीने मला कागदावर लिहून दाखवलं. पुण्याचं पथक सोमवारी सकाळी पोचणार, उद्या बीडहून गाडी येणार.

रुग्ण वाढले तर खड्डा भरला असेल, दुसरा खणावा लागेल, म्हणून धुळाजीचा हात धरून मागे गेलो. ते पाहिलं. लिहून ठेवतो.

काठावर पावडरीचा जाड थर. पांढरा शुभ्र, नेमाने रोज टाकलेला. आणि खड्ड्याचा तळ कोरडा. भेगाळलेला. कोपऱ्यात कोळ्याचं जाळं, त्याचा एक धागाही तुटलेला नाही. पंधरा दिवसांत इथे एक थेंब पडलेला नाही.

तसाच बायनाबाईच्या खाटेशी गेलो. तिचे डोळे लाल झालेत, तोंडाच्या कडेला रक्त सुकलेलं. डावा कान तिच्या ओठांपाशी नेला. तिने काही लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नव्हतं. पावडर टाकलेलं पाणी कशाच्याच कामाचं राहत नाही, जनावरही तोंड लावत नाही. म्हणून पावडर खड्ड्याला दिली, साहेबांनी सांगितलं होतं ना, आणि पाणी ठेवून घेतलं. शहादेवच्या चादरींचं पहिलं पाणी कडुलिंबाला. दुसरं भिंतीपलीकडच्या बायकांना, भांडी घासायला. तिसरं पाणी निर्मळ निघतं. ते फडक्यातून गाळायचं, तुरटी फिरवायची.

तिसरं कुणाला, विचारलं. मला माहीत होतं. तरी विचारलं.

तिने माझ्याकडे नवलाने पाहिलं. “तुमालाच की, साहेब. तुमी दोनदा अंघूळ करताव.”

फुटलेल्या ओठांवरून. टाचांच्या भेगांवरून. चुळा भरल्या. डोळे धुतले. मी तिला आवडीने सांगत होतो, पाणी छान असतं म्हणून.

ते पाणी साठवलेलं पिंप उलटं करायला लावलं. धुळाजी सगळ्यांना सांगून आला. बायनाबाईच्या जागी आता दगडाबाई काम करते, तिलाही समजावलं. ती माझ्याकडे बघत काहीतरी म्हणाली. धुळाजीने लिहून दिलं. “माज्या लेकाच्या पान्यानं कुनाला काय व्हतंय? मी रोज त्यातच हाय. मला काय झालं?”

तिला खरंच काही झालेलं नाही.


रविवार, ५ मे. सकाळ

बायनाबाई गेली.

टँकर आला नाही. फाट्यावरून वळला. चेअरमन फाटकाबाहेर उभे राहून हातवारे करत होते. मला काही ऐकू आलं नाही, त्यांनाही माझं कळलं नसावं. आवाज फुटत नाही, घसा बंद झालाय.

बीडची गाडी आली. चौघांचीच जागा. तीन बायका आणि आज पहाटे तापलेला छावणीचा पहारेकरी. आधी त्यांना न्या, असं लिहून दिलं. माझ्यासाठी उद्या. सकाळी. पुण्याची माणसंही तेव्हाच. धुळाजी गाडीबरोबर गेला, रुग्णांना सांभाळायला.

मी शेवटच्या खोलीत. कडी बाहेरून लावा असं मीच सांगितलं. तापात मी उठून छावणीत गेलो तर—

दगडाबाईने अंगावरची चादर बदलली. रक्ताचे डाग होते. जुनी घेऊन गेली. हातात कोरडी बादली होती.


दुपार

डावाही गेला. शिट्टीसुद्धा नाही.

फोन उजळला. हेमांगीचा मेसेज. वाचला. तुमचा आवाज ऐकून राहवलं नाही. शाळेला कळवून निघाले. परळीला उतरले, जीप मिळते का बघते. काळजी करू नका.

पुन्हा लिहिलं, येऊ नकोस, परत जा. ‘पाठवता आला नाही’ असं येतंय. चार्ज संपत आलाय. वीज नाही.


संध्याकाळ

अंगणातून दगडाबाई गेली. कडुलिंबाच्या फांदीवर माझी चादर वाळत आहे. धुतलेली. डाग निघालेत.

टँकर आला नाही. मग धुतली कशात— कालचं— नाही, पिंप उलटं केलं होतं. कुठून तरी एक बादली मिळवली असेल. एका बादलीत तीन वेळा—

तिसरं पाणी कुठे आहे?

अंगणात जीप.

ओट्यावर पिवळी बॅग. हेमांगीची. मी घेतलेली.

ती आली.

काच ठोकली. बघत नाही. ती दगडाबाईशी बोलते. मान हलवते. शेवटची खोली कोणती ते तिला माहीत नाही. दगडाबाई हातानं तिला थांबवते, आधी बस म्हणते. आधी बस.

शहादेव झाडाखाली पाठमोरा. हाक मारून उपयोग नाही. आवाज निघतोय का तेही कळत नाही. कडी बाहेरून.

दगडाबाई बादली घेऊन आली. दोन्ही हातांनी धरलीय. सांडू नये म्हणून सावकाश चालते. सगळ्या गावाला नाही एवढं पाणी, डॉक्टरच्या बायकोसाठी राखलेलं. स्वच्छ आहे. इथूनही दिसतं, स्वच्छ आहे.

हेमांगी पायरीवर बसली. चपला काढल्या. प्रवासातून आलेल्या माणसाच्या आधी पायावर, मग डोळ्यांना—

गाडी सकाळी येईल. सकाळी ते सगळ्यांना सांगतील. सकाळपर्यंत फक्त

हे पान फाडून काचेला लावतो. मोठं लिहितो, ती वाचेल. इकडं बघ. एकदा मान वर कर.

पाय धुतले. हसली. ओंजळ पुढे

हेमांगी डोळ्यांना लावू नकोस ते पा